दार की पाणी

मंदाने पिठाचं बोट पदराला पुसलं आणि भिकनच्या हातातल्या कागदावर टेकवलं.

"हे 'मुल' नाही हो. 'मुन' आहे."

भिकनने कागद आपल्याकडे ओढला. "तुला काय ठाऊक?"

"वर चौकोन, तो म. मधे आडवी रेघ आणि तिला खाली काडी, तो उ. शेवटी नुसता कोपरा, म्हणजे न. ल असता तर सापासारखा वळला असता. मुन म्हणजे दार, मुल म्हणजे पाणी. तुमच्याच कागदावर लिहिलंय."

चूल धुमसत होती. भिकनने कागदाची घडी घातली.

पांडेसऱ्याच्या कारखाना-वस्तीतल्या ज्या कापड मिलमध्ये तो रंगखात्यात होता, तिथे कोरियाहून नवं मशीन आलं होतं. बसवायला आलेला इंजिनियर पंधरा दिवसांनी परत गेला. जाताना कोरियन मुळाक्षरं आणि मशीनच्या पडद्यावर उमटणारे वीसेक शब्द, समोर हिंदी अर्थ, असा कागद ठेवून गेला. ज्याला हे वाचता येईल तो ऑपरेटर, असं गुजराती सेठने जाहीर केलं. बारा वर्षं रंगाच्या वाफेत काढलेल्या भिकनने सगळ्यांच्या आधी झेरॉक्स मागून घेतली.

आठ दिवस तो रोज संध्याकाळी कागद घेऊन बसत होता. अक्षरं काल ओळखीची वाटायची, आज पुन्हा परकी. मंदा भाकऱ्या थापता थापता फक्त बघायची. बघता बघताच तिला सगळं आलं होतं. अमळनेरकडच्या तिच्या गावी ती सातवीला पहिली आली होती, आणि त्याच वर्षी बापाने शाळेतून काढली. भिकनची शाळा चौथीतच सुटली. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण ही गोष्ट दोघांमध्ये कधी निघाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने कागद शर्टाच्या खिशात टाकून नेला.

"सेठने परत मागितला," संध्याकाळी तो म्हणाला.

मंदाने मान हलवली. पण दोन दिवसांनी तो अंघोळ करून आला, तेव्हा परातीतल्या कोरड्या पिठावर बोटाने काढलेली अक्षरांची ओळ होती. त्याच्यापेक्षा सरळ, सुबक. त्याने तळव्याने पीठ सपाट केलं.

"पिठात खेळून राहिली का?"

पाणी घालून तिने पीठ मळायला घेतलं.

गुरुवारी भर दुपारी मशीन अडलं. आत साड्यांचा मोठा लॉट, पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती. फिटर प्रफुल्ल पाण्याचे व्हॉल्व्ह उघडून थकला. "पानी का लोचा है," तो म्हणत होता. सेठ येऊन उभा राहिला.

भिकन पुढे झाला. चौकोन. रेघ, खाली काडी. आणि त्याखाली कोपरा, नुसता कोपरा. साप नाही.

"पाणी नाही, दार," तो म्हणाला. त्याने झाकणाची कडी तपासली. एक बोल्ट अर्धाच बसला होता. तो आवळल्याबरोबर मशीन सुरू झालं.

सेठने त्याच्या पाठीवर थाप मारली. "वाह! कोणे शीखवाड्युं?"

"मेरा मैं सीखा, सेठ," भिकन म्हणाला.

सेठने तिथल्या तिथे त्याला ऑपरेटर केलं. अधूनमधून येणारी रात्रपाळीही सुटली.

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं, सेठचा प्रश्न तेवढा गाळून. मंदा ऐकता ऐकता हसायला लागली. तिला इतकं मनापासून हसताना त्याने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आलं तुम्हाला! कोपरा ओळखला!" मग जरा थांबून तिने विचारलं, "मला एकदा न्याल का मिलमध्ये? खरी अक्षरं पडद्यावर कशी दिसतात, बघायचंय."

भिकनने भाकरीचा तुकडा मोडला.

"बायकांना आत सोडत नाहीत."

शेजारची धुरपदाबाई सहा वर्षं त्याच मिलमध्ये पॅकिंगला जात होती. रोज सकाळी ती मंदाला हाक मारूनच पुढे निघायची.

"बरं," मंदा म्हणाली. तिने आणखी एक भाकरी त्याच्या ताटात वाढली आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिली.