टॉवर बी

चिराग सरांनी नाझिशला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. गिऱ्हाईक अडलं की म्हणायचं, "मी स्वतः तिथे घेतलाय. टॉवर ए, तिसरा मजला."

चिराग सर ही कंपनी चालवत. अल्बेनियाच्या किनाऱ्यावर, नाव उच्चारायला सगळ्यांनाच अवघड जाणाऱ्या एका गावात दोन टॉवर उभे राहणार होते आणि त्यातले फ्लॅट बहारीनमधल्या भारतीयांना विकायचे होते. इटलीसमोरचं तेच निळं पाणी, निम्म्या भावात. पर्यटक दरवर्षी वाढतायत, अजून पाचेक वर्षांनी हात लावता येणार नाही, असं चिराग सर पडद्यावर आकडे दाखवत सांगायचे. मराठी गिऱ्हाइकांसाठी नाझिश होती. ती रत्नागिरीची. नवरा अर्शद हिद्दला बंदरात क्रेन चालवायचा. दोघांचा पगार मिळून घर नीट चालत होतं, आणि आपण गोड बोलून माणसं जोडतो याचा तिला थोडा अभिमानही होता.

फेब्रुवारीत जुफेरच्या एका हॉटेलात त्यांनी सेमिनार ठेवला. चहा-सँडविच झाल्यावर बहुतेक लोक निघून गेले. मागे राहिले ते शैलेंद्र आणि हेमा मेहेंदळे. शैलेंद्र सित्र्याला रिफायनरीत मेंटेनन्स इंजिनीअर, सत्तावीस वर्षं. सप्टेंबरात रिटायर होणार होते, आणि नोकरी संपली की व्हिसाही संपणार होता. मुलगी स्पृहा टोरंटोला. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलेला, आणि त्या शहरात परत जायच्या कल्पनेनेच शैलेंद्रांना दम लागायचा. खरोखरच लागायचा, त्यांना दमा होता.

"तिथली हवा कोरडी आहे ना?" हेमाताईंनी विचारलं.

"अगदी कोरडी. आणि घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळतो," नाझिश म्हणाली.

"सगळं विकून जायचं म्हणजे… परक्या देशात आमचं कोण आहे?"

तेव्हा नाझिशने ते वाक्य म्हटलं. वर आपल्या पदरचं घातलं, "रिटायर झालो की आम्हीही तिथेच. तुमच्या शेजारी असेन मी, हेमाताई."

हेमाताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "आपलं मराठी माणूस आहे म्हटल्यावर धीर येतो गं."

मे महिन्यात कंपनीने दहा गिऱ्हाइकांना तीन रात्रींसाठी तिकडे नेलं. सोबत नाझिश होतीच. समुद्र खरंच फोटोतल्यासारखा होता. शैलेंद्र पहिल्याच सकाळी पाण्यात उतरले आणि तासभर बाहेर यायला तयार होईनात. हेमाताई काठावरच्या गोट्यांवर चपला हातात धरून उभ्या होत्या आणि हसत होत्या. "असे ते मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहतेय," त्या नाझिशला म्हणाल्या.

टॉवर ए उभा होता. त्यातला सजवलेला नमुना फ्लॅट सगळ्यांना दाखवला. मेहेंदळ्यांचा फ्लॅट टॉवर बीमध्ये होता, ऑक्टोबरात ताबा मिळणार होता. तिथे पत्र्याचं कुंपण होतं. गाईडने बस न थांबवता हात दाखवला.

दुपारी मंडळी जेवत असताना नाझिश एकटीच तिथे गेली. कुंपणाच्या फटीतून तिने पाहिलं. आत खड्डा होता, त्यात हिरवं पाणी साचलेलं, आणि बाहेर आलेल्या लोखंडी सळया गंजून तांबड्या झालेल्या. म्हातारा वॉचमन खुर्चीवर बसला होता. तिने फोनवर भाषांतर करून विचारलं, काम कधी सुरू होणार? त्याने फोनमध्ये तोंड घालून उत्तर दिलं. पडद्यावर शब्द उमटले: दोन वर्षांपासून बंद. मालक गेला.

ती परत आली तेव्हा हेमाताईंनी तिच्यासाठी मासा वेगळा काढून ठेवला होता. "कुठे गेली होतीस उन्हात? खा आधी."

नाझिश जेवली. काही बोलली नाही. बहारीनला आल्यावर तिने चिराग सरांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, वॉचमन को क्या पता? ऑक्टोबर में रेडी है, इंशाल्ला." तिने ते मानून घेतलं, कारण मानणं सोयीचं होतं. जूनमध्ये मेहेंदळ्यांनी पुण्यातला फ्लॅट विकला. ऑगस्टमध्ये ऑफिसातून बांधकामाचे फोटो आले. बाल्कनीचे कठडे पाहून ते टॉवर एचे आहेत हे नाझिशने ओळखलं आणि तसेच हेमाताईंना पुढे पाठवले. खाली लिहिलं, अभिनंदन.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला हेमाताईंचा अल्बेनियाहून फोन आला. नाझिश ऑफिसच्या पँट्रीत चहा करत होती.

"नाझिश, इथे काहीच नाहीये गं. खड्डा आहे नुसता. यांनी स्वतः आत जाऊन पाहिलं." आवाज धीराचा होता, जणू बसची चौकशी चालली आहे. "तिकडे ऑफिसात फोन उचलत नाहीत. आणि हे हॉटेल पंधरा तारखेला बंद होतंय, सीझन संपला म्हणे. सगळं गावच बंद होतंय. म्हणून विचारते, तुझा तिसऱ्या मजल्यावरचा तयार आहे ना? किल्ली कुणाकडे असते? महिनाभर राहू, जे काय भाडं असेल ते देऊ."

चहा उतू गेला. नाझिशने गॅस बंद केला.

"हेमाताई, माझा तिथे फ्लॅट नाही."

"म्हणजे? विकलास?"

"कधी नव्हताच."

फोनवर मागून लाटांचा आणि शैलेंद्रांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"पण तू म्हणाली होतीस."

"तसं सांगायला लावायचे आम्हाला."

मग हेमाताई म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला.

नाझिश चिराग सरांकडे गेली. ते म्हणाले, "हम सिर्फ ब्रोकर हैं. बिल्डर से बात करेंगे." तिने राजीनामा लिहायला घेतला आणि अर्धवट सोडला. तिचा व्हिसा कंपनीचा होता, दोन्ही मुली शाळेत होत्या, गावी आईचं डायलिसिस चालू होतं. त्याच आठवड्यात तिने आणखी दोन फ्लॅट विकले. ते वाक्य मात्र या वेळी म्हटलं नाही. तेवढ्यावर तिने स्वतःचं समाधान करून घेतलं.

जानेवारीत मराठी मंडळाच्या ग्रुपवर शैलेंद्रांचा हार घातलेला फोटो आला. न्यूमोनिया. मोठं हॉस्पिटल गावापासून दोन तासांवर होतं. खाली ओळीने नमस्काराचे हात. नाझिशने फोन पालथा ठेवला आणि मुलींचे डबे भरले.

मार्चमध्ये हेमाताई व्हिजिट व्हिसावर बहारीनला आल्या. तुबलीला कश्मिरा नावाच्या जुन्या मैत्रिणीकडे उतरल्या होत्या. त्यांनी नाझिशला बोलावून घेतलं. खाली गॅरेजं होती, जिन्यात ऑइलचा वास होता. कश्मिराने दार उघडलं, नाझिशकडे एकदा पाहिलं आणि आतल्या खोलीत निघून गेली.

हेमाताई वाळल्या होत्या. नाझिश रडू लागली, "मला माफ करा" म्हणाली.

"मला माफी नकोय," हेमाताई म्हणाल्या. "डोळे पूस आणि बस. हे शेवटपर्यंत म्हणत होते, त्या पोरीची काही चूक नाही, तिला वरून सांगितलं असणार. पैसे परत मिळतील या आशेवर बंद झालेल्या एका हॉटेलच्या वरच्या खोलीत राहत होतो आम्ही. भिंतींना ओल. मी रात्रंदिवस त्यांच्या पाठीला तेल चोळायची आणि ते तुझी बाजू घ्यायचे. मी मात्र म्हणते, चूक आहे. तुझी आहे."

"हो."

"आम्ही आठ जण मिळून केस करतोय. वकील म्हणतो, कंपनी सगळं नाकारेल. आतल्या माणसाचा जबाब पाहिजे. काय बोलायला लावायचे, कोणते फोटो पाठवायला लावायचे, तुझ्या सहीने. देशील?"

"त्यात मीही अडकेन."

"अडकशील," हेमाताई म्हणाल्या. "मी तुला खोटं सांगणार नाही."

नाझिशने एक दिवस मागून घेतला. घरी तिने अर्शदला सांगितलं. तो ड्यूटीवरून येऊन जेवायला बसला होता. हातातला घास त्याने ताटात टाकला.

"तुला खूळ लागलाय काय गो? सही केलीस की ट्रॅव्हल बॅन. नोकरी गेली, व्हिसा गेला. आई तिकडे अंथरुणावर, तुला जाता पन येनार नाय. आनि तो मानूस परत येनारे काय?"

"नाय येनार."

"मग?"

"मला मे महिन्यातच ठाऊक होता, अर्शद. मी जाऊन बघून आली होती. तेव्हा बोलली असती, तर पुण्याचा घर तरी राहिला असता त्यांचा."

हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, हात धुतले आणि मुलींना घेऊन खाली गेला.

दुसऱ्या दिवशी तिने तुबलीला जाऊन चार पानं लिहून दिली. पाठ करून घेतलेलं वाक्य, ऑगस्टचे फोटो, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी कुंपण, खड्डा आणि वॉचमन. हेमाताईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या. ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती पुन्हा वाचली.

"जेवायला उशिरा आली होतीस," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी?"

"हो."

हेमाताईंनी चष्मा काढला. नाझिशला वाटलं, आता त्या ओरडतील, मारतील. तिची तयारी होती. पण त्यांनी पानं जुळवून पाकिटात घातली आणि म्हणाल्या, "जा आता तू. मला तुझ्याकडे बघवत नाही."

केस उभी राहिली तोवर चिराग सर सुट्टीवर म्हणून गेले ते परतलेच नाहीत. ऑफिसला कुलूप लागलं. कागदोपत्री सापडण्यासारखं एकच माणूस देशात उरलं होतं, नाझिश. तिच्यावर बॅन लागला. मुलींची वार्षिक परीक्षा झाल्यावर अर्शदने त्यांना रत्नागिरीला नेऊन आपल्या बहिणीकडे, मसूदाकडे, ठेवलं आणि तो एकटा परत आला. घरात दोघं कामापुरतं बोलत. हेमाताईंचा व्हिजिट व्हिसा संपला. त्या पुण्याला भावाकडे गेल्या, दोन खोल्यांत सहा माणसं. पैसे कुणालाच मिळाले नाहीत. वकील म्हणायचा, वेळ लागेल.

जुलैत नाझिशची आई गेली. मसूदाने व्हिडिओ कॉल लावला, पण अंगणात रेंज नव्हती, चित्र थांबत थांबत येत होतं. जनाजा उचलला तेव्हा पडद्यावर नुसत्या माणसांच्या पाठी दिसल्या आणि कॉल तुटला. अर्शद शेजारी बसला होता. त्याने पुन्हा लावून पाहिला, तीनदा. मग फोन खाली ठेवून तो उठला, आतून पाण्याचा ग्लास आणून तिच्यासमोर ठेवला आणि ती पिते की नाही हे बघत तिथेच उभा राहिला.