विल्फची कवळी

आमच्या सॉल्फर्डच्या गल्लीतला विल्फ एंट्विसल मुष्टियुद्धातला इंग्लंडचा फ्लायवेट, म्हणजे सगळ्यात हलक्या वजनगटातला, चॅम्पियन होता. रिंगणात उतरताना तो कवळी काढून रुमालात गुंडाळायचा. त्याचे दात कुणी पाडले, यावरून पबमध्ये आमची कायम भांडणं. मी म्हणायचो, ग्लासगोच्या त्या डावखुऱ्या बॉक्सरनंच. शेवटी न राहवून त्याच्या घरी गेलो.

"खरं सांग गड्या, कुणाचा ठोसा?"

"कुणाचाच नाही. लग्नात सासऱ्यानं आहेर म्हणून सगळे उपटवून दिले. पुढं दुखणं नको, खर्च नको!"

"धडधाकट दात?"

"तेव्हा लग्नात सगळेच जण असे दात काढून घ्यायचे की."

चहा ओतता ओतता त्याची बायको एडना खो खो हसली. "माझेही त्याच दिवशी काढले. मला नाही रे कधी विचारलंस, कुणाचा ठोसा ते!"