नाताळाच्या करंज्या

एस्तेरबाईंच्या हाताला चव आहे हे लातूरच्या त्या अख्ख्या कॉलनीला माहीत होतं. निदान बाईंचा तसा समज होता. शाळेतून निवृत्त झाल्या तरी नाताळ जवळ आला की करंज्यांचा घाट घालायच्याच, आणि पहिला डबा भिंतीपलीकडच्या विशाखाकडे जायचा. घरच्यांचं मग बघू. मुलगा नांदेडहून फोनवर ओरडायचा, "आई, आमच्यासाठी काही ठेवतेस का न्हाई?" बाई हसायच्या. शेजाऱ्यावर प्रेम करा असं दर रविवारी चर्चमध्ये पोरांना शिकवायचं आणि स्वतःच्या शेजारणीला उरलंसुरलं द्यायचं, हे त्यांना पटत नसे.

विशाखाही रिकामा डबा कधी परत करायची नाही. तळाशी मूठभर साखर घालायची आणि म्हणायची, "ताई, काय करंज्या झाल्या होत्या! आमच्याकडे भांडणं लागली त्यांच्यावरून."

आणि देवाणघेवाण नुसत्या डब्याची थोडीच होती? विशाखाच्या सासूला, साखराबाईंना, अर्धांगवायू झाला तेव्हा घरातले सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. एस्तेरबाई नवऱ्याच्या दुखण्यात हे सगळं शिकल्या होत्या. त्याच रोज सकाळी जाऊन म्हातारीला उचलायच्या, पुसून काढायच्या, पायांना तेल लावायच्या. विशाखा म्हणायची, "सख्खी बहीण करणार न्हाई एवढं करता." बाईंना ते खरं वाटायचं. खरं वाटावं असंच बोलायची ती.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी विशाखाकडे भांडी घासणारी चतुराबाई फाटकाशी थांबली.

"बाई, यंदा चार करंज्या जादा टाका की डब्यात. नातवंडं आलीत."

"तुला वेगळ्या देते ना गं."

"वेगळ्या कशाला? विशाखाबाई दरसाली आख्खा डबाच माझ्या पिशवीत रिकामा करतात. लई झ्याक असतात बगा."

बाईंना आधी काही उमगलंच नाही. "म्हणजे, त्यांनी खाऊन उरलेल्या?"

"न्हाई वो. त्यांना कुठं चालतंय तुमच्या घरचं?" चतुराबाई सहज बोलून गेली. मग बाईंचा चेहरा बघून चपापली. "तुम्हाला ठाव हाय असं वाटलं मला," असं पुटपुटत तिनं काढता पाय घेतला.

एस्तेरबाई स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. चहा विचारला की "आत्ताच घेऊन आले" म्हणणारी विशाखा त्यांना आठवली. इतकी वर्षं ती नेहमी आत्ताच चहा घेऊन कशी काय येत होती? तिच्या सासूची घाण काढायला हा हात चालत होता आणि त्याच हातची करंजी चालत नव्हती! कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी म्हणतात ते हेच. गोड बोलून केसानं गळा कापला होता विशाखानं. एस्तेरबाईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून अधिकच संताप आला. त्यांनी डबा भरला आणि थेट विशाखाचं घर गाठलं.

"विशाखा, माझ्यासमोर एक खाऊन दाखव."

विशाखा हसली. मग तिनं बाईंकडे नीट बघितलं. "कोण काय बोललं तुम्हाला?"

"खा म्हणते ना."

"असं काय करता, ताई? माझं काही न्हाई हो. पण सासूबाईंना चालत न्हाई. जुनं माणूस. त्यांच्यापुढं आमचं काय चालतंय?"

खरं सांगायचं तर बाईंना क्षणभर हायसं वाटलं. म्हातारीचं मन जुनं, तिला काय बोलणार? विशाखा तरी आपली राहिली असती. तरी त्या आतल्या खोलीत गेल्याच. विशाखा "ताई, राहू द्या की" म्हणत मागं आली.

"मावशी, माझ्या हातचं तुम्हाला चालत न्हाई म्हणं?"

साखराबाईंची जीभ जड झाली होती, पण डोकं लख्ख होतं. "मी कवा म्हणलं?" त्या सुनेकडे बघत म्हणाल्या. "दरसाली नुसता वास येतोय. कुणी दिलं तर खाईन की."

विशाखानं मान खाली घातली.

बाईंनी करंजीचा तुकडा मोडला, बोटांनी कुस्करून मऊ केला आणि म्हातारीच्या तोंडात घातला. म्हातारी डोळे मिटून घोळवत राहिली. "ग्वाड हाय," म्हणाली.

"चुकलं माझं, ताई." विशाखा पुढं आली होती. तिचे डोळे खरोखरच भरले होते. "द्या, मी पण खाते." तिनं हात पुढं केला.

अशा वेळी काय करायचं ते चर्चमधल्या पोरांना बाईंनी किती वेळा शिकवलं होतं. पोरं धडाधड उत्तर देत. बाईंनाही उत्तर येत होतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि तळहातानं घट्ट दाबलं.

"मावशी, उद्या चर्चहून यायला उशीर होईल," म्हातारीचं तोंड पदरानं पुसत त्या म्हणाल्या. "पण येते. तुमच्यासाठी येते."

डबा घेऊन त्या विशाखाच्या शेजारून बाहेर पडल्या. तिचा हात अजून पुढंच होता.