डुलक्याचं उठणं

आमच्या कंपनीचं पोट डुलक्यावर चालतं. गेमचा हीरो दर भागात बदलतो, त्याचं कुणाला सोयरसुतक नसतं. पण डुलक्याला हात लावा, लोक अंगावर येतात. तो पहिल्यांदा काढला माझ्या बाबांनी. तेव्हा पडद्यावर मोजकेच चौकोन मावायचे, त्यामुळे डुलक्या म्हणजे एक करडा गोळा आणि खाली दोन काड्या. पण बाबांनी त्याला चाल दिली. डावा पाय टाकायचा, कंबर मोडायची, मग उजवा ओढत आणायचा. त्या चालीवर लोक पोट धरधरून हसले.

दुसऱ्या भागात त्याच्या पाठीवर ढाल आली. तिसऱ्यात बाबांच्या खुर्चीवर मी आले, आणि मी त्याला पाडलं. हीरोचा दगड लागला की डुलक्या उताणा पडतो, हातपाय झाडतो आणि विरून जातो. ते पडणं इतकं गाजलं की मला ‘वशिल्याचं तट्टू’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. चौथ्या भागात त्याला लव फुटली, सुस्कारा आला. चाल मात्र तीच.

आता पाचवा भाग चाललाय, आणि यात सगळं खऱ्या माणसाच्या हालचालीवरून. अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर चमकणारे ठिपके, भोवती कॅमेरे. माणूस चालला की मोठ्या पडद्यावर डुलक्या चालतो. त्यासाठी बोलावलेला नट सकाळपासून लंगडत होता आणि आमचा दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला होता. “अरे बाबा, तू नक्कल करतोयस! डुलक्या नक्कल करत नाही, तो चालतो!”

मला धड काही दिसत नव्हतं, कारण चष्मा घरी राहिला होता. मी आत्याला फोन केला. “चष्मा खाली दारावर दे. वर येऊ नकोस, उगाच जिने चढायला लागतील.” आमच्याकडे लिफ्ट आहे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणी तापात तिचा उजवा पाय अधू झाला तो कायमचाच. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. डुलक्याचं तिला कोण कौतुक! “माझ्या भावाने काढलाय,” हे दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय.

ती माझं ऐकते थोडीच. लिफ्टचं दार उघडलं आणि लांबलचक व्हरांड्यातून ती येऊ लागली. भिंतीवर ओळीने चारही भागांतले डुलक्या टांगलेले, आणि त्यांच्या खालून आत्या. चष्मा नव्हता म्हणून मला तिचा चेहरा दिसेना. नुसता एक करडा गोळा, खाली दोन काड्या. डावा पाय, मोडलेली कंबर, मग उजवा ओढत.

जिच्या हातचं जेवून एवढी घोडी झाले, तिची चाल मला आजवर ओळखता आली नव्हती.

“अरे, हा तर डुलक्या!” दिग्दर्शक ओरडला. लगेच त्याने जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. बाबांचा राग आला, आणि स्वतःची तर त्याहून लाज वाटली. डोक्यात एकच होतं, हिला कळता कामा नये. भाऊ म्हणजे हिचा जीव की प्राण. त्याने हिचीच चाल उचलून जगाला हसायला दिली, हे या वयात कळलं तर ही खचून जाईल.

“दे तो चष्मा आणि जा बरं तू,” मी खेकसले.

“जाते की,” माझ्या हातात चष्मा ठेवत आत्या म्हणाली. “आल्यागेल्याला पाणी विचारायची पद्धत नाही वाटतं तुमच्यात?”

दिग्दर्शक पाणी घेऊन धावला. ओशाळून माफी मागितली, आणि मग चाचरत म्हणाला, “आत्या, आमच्यासाठी थोडं चालाल?”

“मुळीच नाही!” मी म्हणाले.

“तुला विचारलंय का?” आत्या म्हणाली.

तो काळा पोशाख चढवून ती बाहेर आली. “या वयात काय काय सोंगं!” म्हणत चालू लागली, आणि पडद्यावर डुलक्या चालला. कुणी हसलं नाही. सगळे बघतच राहिले.

“आता... पडता येईल? गादी आहे खाली.”

“पडायचं मला नका शिकवू,” आत्या म्हणाली आणि पडली.

उताणी. हात हवेत, पाय झाडत. तिसरा भाग, जसाच्या तसा. आणि मला शाळेच्या पायऱ्या आठवल्या. माझं बक्षीस बघायला ती आली होती, पायऱ्यांवर अशीच पडली होती. मुली फिदीफिदी हसल्या. “कोण गं ती?” “काय माहीत,” म्हणून मी त्यांच्याबरोबर पुढे चालती झाले होते. माझ्या कल्पनाशक्तीची एवढी वाहवा झाली, ती ही.

मी धावले, हात पुढे केला.

“हात नको,” आत्या पडल्या पडल्याच म्हणाली.

“आत्या, मला खरंच माहीत नव्हतं गं...”

“मला होतं. तुझ्या बाबाने पहिल्यांदा दाखवला तेव्हाच ओळखला मी. घरात आरसा आहे की आपल्या.” तिला धाप लागली होती. “चाल त्याने झकास काढली. पडणं तू झकास काढलंस. उठणं तेवढं कुणी काढलं नाही. काढणार तरी कसं? तोवर तुम्ही दोघंही पुढे निघून गेलेले असायचात.”

चष्मा अजून माझ्या हातातच होता.

“लाव तो डोळ्यांवर,” आत्या म्हणाली, “आणि आता बघ.”

ती कुशीवर वळली, एक कोपर टेकलं, आणि उठायला लागली.