बदनाम नावाचं औषध

मी एक जुना लाकडी कर्णा आहे. वाजवायचा नव्हे, मित्रांनो, ऐकायचा! लाकूड कातणाऱ्या एका कातार्‍याने मला घडवलं, तेव्हापासून मी प्रसूतिगृहात आहे. माझं रुंद तोंड आईच्या पोटावर टेकवायचं, दुसरं टोक डॉक्टरीणबाईंच्या कानाला. बाळाचे ठोके पोचवायचं काम माझं. पुढे ठोके ऐकवणारं विजेचं यंत्र आलं. सगळे त्याचे गोडवे गाऊ लागले आणि मी धूळ खात पडलो. खुशाल गा म्हणावं! वीज गेली की मलाच शोधत येतात.

तशीच एकदा वीज गेली आणि मी एका बाईच्या पोटावर आलो. दिवस भरायला दोन महिने बाकी, तरी कळा सुरू झालेल्या. ठोके खणखणीत होते. पण फुप्फुसं पोटात बोलत नाहीत. ती कच्ची आहेत की तयार, हे मला कळत नाही आणि त्या यंत्रालाही नाही.

"कळा थोड्या थोपवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेवढ्यात आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊ."

नवरा भडकलाच. तो व्यायामशाळेचा उस्ताद. "स्टेरॉइड? ते घेणाऱ्या पोरांना मी बखोटीला धरून बाहेर काढतो! आणि माझ्या बाळाला तेच?"

"नाव सारखं, औषध निराळं. ते दंड फुगवतं, हे बाळाची फुप्फुसं लवकर तयार करतं. मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोकाही कमी होतो."

"आणि तोटा?"

"आहे ना. जन्मल्यावर बाळाच्या रक्तातली साखर उतरू शकते. पुन्हा पुन्हा दिलं तर वाढ खुंटू शकते. म्हणून गरज असेल तेव्हाच, आणि मोजकंच."

"नको म्हणजे नको!"

त्या गरोदर बाईने मला बाजूला सारलं आणि ती कोपरावर उठली. "अहो, तुमच्या पोरांना आरशात बघायचं असतं. माझ्या बाळाला श्वास घ्यायचाय. डॉक्टर, पोट माझं आहे. टोचा!"

उस्ताद मागे सरला आणि डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात कुठून आणू?

दोन दिवसांनी मुलगी झाली. एवढीशी, निळसर, गप्प. डॉक्टरीणबाई तिची पाठ चोळत राहिल्या. आणि मग पोरीने असा टाहो फोडला की दाराशी उभा असलेला उस्ताद हमसून हमसून रडला.

मित्रांनो, माझी कीव करा असं मी म्हणणार नाही. हवं तर अडगळीत टाका मला. पण नाव बदनाम आहे म्हणून औषधाला हाकलू नका. ते कुणाला, कशासाठी आणि किती, हे विचारा. आणि जिचं पोट आहे ती बोलत असेल, तर आधी तिचं ऐका. त्याला कर्णा लागत नाही.