तळ्यापर्यंतची हवा

आमच्या घरात कुजबुजणं हीच बोलण्याची रीत होती. बाबा आतल्या खोलीत बसून पुस्तकं मोठ्यानं वाचायचे आणि ती रेकॉर्ड व्हायची. दारावरचा लाल दिवा लागला की बशीत चमचा ठेवतानाही आम्ही श्वास धरायचो. मीठ हवं असेल तर बोटं चोळायची, दूध उतू जात असेल तर तळहात हळूहळू वर न्यायचा. पाहुण्यांना वाटायचं, यांचं भांडण झालंय.

त्या शांततेत रविवारी दुपारी आई उडायची.

कम्प्युटर खरं तर माझा, कॉलेजात असताना खेळण्यासाठी एकेक भाग आणून जोडलेला. इंजिन नसलेल्या विमानांचा एक खेळ मी आईला सहज दाखवला आणि माझी खुर्ची गेली ती गेलीच. मग समुद्रापलीकडे राहणारी मावशीही तो खेळ शिकली. दोघी बहिणी एका हिरव्या टेकडीवरून निघायच्या. उन्हानं तापलेल्या उतारांवरून हवा वर चढते, तिच्यात घिरट्या घालत उंची मिळवायची आणि पुढं सरकायचं. दरीच्या टोकाला खिंड होती, खिंडीपलीकडे तळं. ते दोघींनी फक्त नकाशात पाहिलं होतं. खिंडीजवळ झाडं दाट व्हायची, ढगांची गर्दी व्हायची, ते सगळं रंगवता रंगवता आमचा कम्प्युटर तापायचा आणि पडदा काळा व्हायचा. जोडीतली एक गळली की दुसरीलाही टेकडीवर परत जावं लागे.

‘‘ताई, तुझं विमान आहे की इस्त्री?’’ मावशी म्हणायची.

या वेळी मात्र हसण्यावारी नेता येणार नव्हतं. सोमवारी मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. त्यानंतर बरेच महिने पडद्यासमोर बसायचं नाही, आणि पुढं किती दिसेल ते डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. ‘‘एकदा ते तळं बघून घेते बाई,’’ ती फोनवर म्हणाली. आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. फिजिक्समध्ये पदवी घेतलेल्या मुलीकडे आई कसं पाहते, ते सांगायला नको.

शनिवारी मी बाबांच्या दारालगतच्या कोनाड्यातला कम्प्युटर उघडला. पंख्यांच्या पात्यांवर धुळीची मऊ साय होती, ती ब्रशनं काढली. प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. मागं एक आणि वर एक असे दोन नवे पंखे बसवले, दोन्ही हवा बाहेर फेकणारे. पुढचे दोन हवा आत घ्यायला होतेच. हवा दिसत नाही म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातल्या रेशमी दोऱ्याचे बोटभर तुकडे कापले आणि जाळ्यांवर चिकटपट्टीनं डकवले. कॉलेजच्या विंड टनेलमध्ये, वाऱ्याचा झोत सोडतात त्या बोगद्यात, आम्ही असंच करायचो.

यंत्र सुरू केलं. मागचे दोरे ताठ होऊन फडफडू लागले. वरचे तर पाण्यातल्या शेवाळासारखे डुलत होते. पुढचे दोरे मात्र हलेनात.

पुढचं झाकण काढलं. जाळीच्या आतून करडा फोम चिकटवलेला होता. कडा इतक्या नीट कापलेल्या, की तो कारखान्यातूनच आलाय असं कुणालाही वाटावं. आमच्या घरात मात्र असा फोम भिंतींना होता, दारांना होता, फ्रीजच्या मागंही होता.

‘‘बाबा!’’

बाबा चहाचा कप घेऊन आले. ‘‘काय गं?’’

‘‘हे तुम्ही लावलंत?’’

‘‘घूं घूं करायचं ते. माझ्या वाक्यांच्या मधोमध ऐकू यायचं.’’ ते जरा ओशाळले. ‘‘बसलं होतं ना पण छान?’’

‘‘छानच बसलंय. त्याचं नाकच बंद केलंत तुम्ही.’’

‘‘नाकातूनच तर घोरतो माणूस,’’ बाबा म्हणाले.

मी फोम ओरबाडून काढला. पुढचे दोरे लगेच आत ओढले गेले, जाळीला चिकटले. मग बराच वेळ त्या खिंडीभोवती विमान फिरवून पाहिलं. तापमान चढलं, एका जागी थबकलं आणि तिथंच राहिलं. आईनं मला चहा दिला आणि केसांवरून हात फिरवला.

रविवारी दोघी निघाल्या. मी दुसरा हेडफोन लावून आईशेजारी बसले. शेजारचा कारखाना रविवारी बंद असतो, म्हणून त्या दिवशी बाबा हमखास रेकॉर्डिंग करायचे. लाल दिवा लागला होता. आम्ही कुजबुजत होतो आणि दरी खालून सरकत होती. पिवळी शेतं, एकच नदी पुन्हा पुन्हा, ढगांच्या सावल्या.

‘‘ठमे, डावीकडे ये. इथं हवा छान वर जातेय,’’ आई हळूच म्हणाली.

‘‘आले. तुझ्या शेपटीमागंच आहे. मला हल्ली शेपटीच तेवढी दिसते.’’

दोघींची विमानं एकमेकींभोवती फिरत वर चढली. मला मध्येच वाटलं, आमची खोलीही जमिनीपासून किंचित सुटली आहे, खुर्ची, पडदे, मी, सगळंच सावकाश गोल फिरतंय. तापमानाचा आकडा पाहायचं मी विसरले. पाहिलं तेव्हा तो कालच्या जागेच्या बराच वर होता आणि अजून चढत होता.

कालपासून काय बदललं? पंखे तेच, धूळ नाही. मी वाकून दोरे पाहिले. मागचे दोरे भिंतीच्या फोमवर आपटून वळत होते. मी यंत्राच्या बाजूला हात धरला. मागून निघालेली गरम हवा कोनाड्याच्या कडेनं पुढं येत होती आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत जात होती. यंत्र स्वतःचाच उच्छ्वास पीत होतं. काल असं झालं नव्हतं, कारण काल कोनाड्यालगतचं बाबांचं जाड दार उघडं होतं आणि त्यांच्या खिडकीतून वारा येत होता. आज ते बंद होतं. म्हणजे माझी चाचणी दार उघडं ठेवून झाली होती, आणि ते मी ध्यानातच घेतलं नव्हतं.

यंत्र हलवावं तर वायर पुरत नव्हती. खिंड समोर आली होती.

मी उठून लाल दिव्याखाली उभी राहिले. त्या दारावर दिवा लागलेला असताना कुणी कधी हात ठेवला नव्हता. आजारी असताना नाही, पाहुणे आल्यावर नाही. आतून बाबांचा आवाज येत नव्हता, दारच तसं होतं. मी दोन बोटांनी टकटक केली. मग मुठीनं.

दार उघडलं. बाबांच्या कपाळावर आठ्या होत्या. मी तोंड उघडलं, पण सवयीनं शब्दच फुटेना. मी पडद्याकडे बोट दाखवलं, मग तळहात हळूहळू वर नेला. उतू जातंय.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, आईच्या ताठ पाठीकडे पाहिलं. वळून त्यांनी खिडकीच्या फटीवर रेकॉर्डिंगपुरती लावलेली जाड पट्टी सोलली आणि दोन्ही झडपा ढकलल्या. बाहेरची दुपार एकदम आत आली. कुणाची तरी सायकल, पक्षी, लांबवर हाका मारणारी मुलं. वारा खोली ओलांडून कोनाड्यात शिरला, गरम हवा सैपाकघराकडे ढकलत गेला. पंखे घोंगावत होते. आकडा एक अंश खाली आला. मग आणखी एक. मी परत बसून हेडफोन लावला आणि त्याची एक बाजू बाबांच्या कानाशी धरली.

‘‘भावजींनी दार उघडलं की काय?’’ मावशीला आमच्याकडचा गलका ऐकू गेला असावा. ‘‘तुमच्या घरात आज आवाज? पाल चुकचुकली तर तिलाही दटावता ना हो तुम्ही?’’

‘‘आज पालीलाही सुट्टी,’’ बाबा माझ्या माइकमध्ये वाकून म्हणाले, पुस्तक वाचायच्या भारदस्त आवाजात.

खिंडीच्या दोन्ही बाजूंचे काळे खडक पंखांजवळून गेले. मग खाली काहीच उरलं नाही, फक्त पाणी.

मावशी गप्प होती. मी घाबरून आकडा पाहिला. तो ठीक होता.

‘‘ठमे? दिसतंय ना?’’

‘‘उजेड दिसतोय,’’ मावशी म्हणाली. ‘‘खूप मोठा उजेड. बाकी तू सांग.’’

आईनं घसा साफ केला. मग या घरात मी कधी ऐकला नव्हता अशा मोकळ्या, मोठ्या आवाजात ती सांगू लागली. काठाशी पाणी हिरवं आहे, मध्ये जांभळं. एक बारकं बेट आहे, त्यावर वाकलेलं एकच झाड. आपली दोघींची सावली पाण्यावर पडलीय, तुझी माझ्यापेक्षा जाडी आहे.

‘‘खोटं बोलतेस.’’

‘‘विचार हिला.’’

‘‘जाडीच आहे, मावशी,’’ मी म्हणाले.

बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. मावशी हसत होती. हसू ओसरलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘ताई, बेटावरून अजून एक फेरी मार. आणि झाडापासून परत सांगायला लाग, सावकाश.’’