डाव्या कोपऱ्यातला धोंडा

भोरच्या इंद्रजितनं नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याला वाटलं होतं की आता फोटो सुधारतील. झालं उलटंच. एकसष्ट मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा तो. जुन्या लेन्सांचे जे दोष दहा वर्षं झाकून राहिले होते, ते त्यानं पहिल्याच लग्नात उघडे पाडले. मधे नवरा-नवरी अगदी कातीव, आणि कडेला उभ्या राहिलेल्या मावश्या ओल्या पिठासारख्या पसरलेल्या.

मावश्यांची समजूत घालता आली असती. पण वेल्ह्याच्या कुमारशेठनं नवं मंगल कार्यालय बांधलं होतं आणि त्याला स्टेजमागच्या अख्ख्या भिंतीवर तोरणा किल्ल्याचा फोटो हवा होता, सोळा फुटी. "जवळ जाऊन बघितला तरी फुटता कामा नये," एवढीच त्याची अट होती.

म्हणून इंद्रजितनं तीन महिने लेन्सांचे व्हिडिओ पाहिले. जेवताना पाहिले, दाढी करताना पाहिले. त्याची बायको शेफाली स्टुडिओत कॉम्प्युटरवर फोटोंचं सगळं काम करायची. तिला नवऱ्यापेक्षा व्हिडिओतल्या त्या चार परदेशी माणसांची मतं जास्त पाठ झाली. शेवटी तीच म्हणाली, "आणून बघ की एकदा."

त्यानं पुण्याहून दोन दिवसांच्या भाड्यानं तीन लेन्स आणल्या. तिन्ही पन्नास मिलिमीटरच्या. पहिली सगळ्यात महाग, तांब्याएवढी जड. तिची तारीफ चारही परदेशी माणसांनी केली होती आणि इंद्रजितचं मन तिच्यावर आधीच बसलं होतं. दुसरी बरी होती. तिसरी काळी, साधी. दुकानदार म्हणाला होता, "हीपण न्या, कोणी मागत नाही हिला."

गुरुवारी सकाळी आठला, हवा स्वच्छ असताना, तो भाटघर धरणाच्या पाण्याच्या काठाला गेला. समोर अर्धा किलोमीटर पाणी आणि पलीकडे काळ्या दगडांनी भरलेली उतरण. बारीक तपशील बघायला याहून चांगली जागा नाही. त्यानं ट्रायपॉड रोवला आणि लेन्स बदलत एकच फोटो पुन्हा पुन्हा काढला.

तेवढ्यात वरच्या वाडीतली बनाबाई काठी टेकत खाली आली. साठीची बाई, पदर खोचलेला. ट्रायपॉडकडं बघत ती उभी राहिली.

"मोजणी हाय का?"

"नाही मावशी. काच तपासतोय, कॅमेऱ्याची."

"फुटली का?"

"नाही. चांगली कोणती ते बघतोय."

बनाबाईला हे काम पटलं नसावं. ती म्हणाली, "म्हस दिसली का हितं? कपाळावर चांद हाय. एक शिंग खाली वळल्यालं. दावं तोडून गेली, चार दिस झालं."

"नाही दिसली."

"बरं," म्हणून ती काठाकाठानं पुढं गेली. इंद्रजितनं लेन्सचं तोंड बारीक करत अॅपर्चर आठवर नेलं आणि शेवटचा फोटो काढला.

दुपारी स्टुडिओत शेफालीनं तिन्ही लेन्सांचे फोटो शेजारी शेजारी लावून मोठे केले. कोणती लेन्स कोणती हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. नुसते आकडे दिले होते. मधला भाग तिघींचा उत्तम होता. उजवा कोपरा पहिलीचा जरा ढिला. मग ती खालच्या डाव्या कोपऱ्याकडं वळली.

"पहिल्यात काळा धोंडा. दुसऱ्यातही धोंडा, जरा लांबट." ती थांबली. चष्मा पुसून पुन्हा घातला. "तिसऱ्यात धोंड्याला शिंगं आहेत."

"अॅपर्चर किती?"

"पाच पॉइंट सहा."

"आठवर बघ."

आठवर शिंगं अजून नीट दिसत होती. एक वर, एक खाली, आणि मधे पांढरा ठिपका. इतक्या टोकाच्या कोपऱ्यात इतका तपशील, म्हणून इंद्रजितला खरोखर आनंद झाला. बनाबाई त्याला आठवली ती मिनिटभरानंतर. मग मात्र त्यानं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि मोटरसायकलची किल्ली शोधली.

वाडीत बनाबाईनं लॅपटॉपला हात न लावता, पार नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन पाहिलं.

"माजी चांदी हाय," ती म्हणाली.

शेजारचा सावळाराम मासे धरायचा. होडी त्याचीच होती, म्हणून त्याला बोलावलं. त्याला ते पटेना. "म्या रोज मधल्या पाण्यात जाळं टाकतो. धोंडंच हायेत ती." इंद्रजितनं तुलनेसाठी पहिल्या लेन्सचा फोटो स्क्रीनवर उघडला, तर तो म्हणाला, "ह्यो बगा. धोंडा."

"त्यो न्हवं, तिसरा दाव त्याला," बनाबाई म्हणाली.

"पर ह्यो खोटा आन् त्यो खरा, आसं कशावरनं? मशिन येकच हाय न्हवं?"

गेले तीन महिने हा प्रश्न आपल्याला कोणीतरी विचारावा असं इंद्रजितला वाटत होतं. त्यानं सविस्तर सांगितलं. कॅमेरा टिपायला तयार असतो, पण काचेनं कोपऱ्यापर्यंत प्रकाश नीट पोचवला तरच. नाहीतर मधे सगळं लखलखीत आणि कडेला लापशी. सावळारामनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी पयली काच वाईट."

"वाईट नाही. सगळ्यात महाग आहे ती."

"आसंल," सावळाराम म्हणाला आणि वल्हं घ्यायला गेला.

होडी पलीकडे लागली. चांदीच होती. तुटलेलं दावं दोन दगडांच्या सांदीत असं आवळलं होतं की तिला वर जाता येईना आणि माघारी पोहताही येईना. पाण्यापर्यंत तोंड तेवढं पोचत होतं. दावं पुरेल तेवढ्या घेरातलं गवत तिनं मातीपर्यंत खाल्लं होतं. माणसं आली तरी ती उठली नाही.

सावळारामनं कोयत्यानं दावं तोडलं. बनाबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि शिव्या द्यायला सुरुवात केली. बऱ्याच दिल्या. मग एका दगडावर पाठमोरी बसून तिनं पदर डोळ्यांना लावला. कॅमेरा इंद्रजितच्या पिशवीतच होता. तो त्यानं बाहेर काढला नाही. लांबचं काहीतरी बघत तो उभा राहिला. परतताना चांदी होडीमागं नुसतं तोंड वर काढून पोहत आली.

शुक्रवारी त्यानं दोन लेन्स परत केल्या आणि तिसरी विकत मागितली. दुकानदारानं कारण विचारलं. "कोपरे चांगले आहेत," इंद्रजित म्हणाला. पहिली लेन्स काउंटरवर ठेवताना मात्र त्यानं ती उगाच एकदा हातात तोलून पाहिली.

पुढं तीन दिवस सकाळी वेल्ह्याला जाऊन त्यानं तोरणा टिपला. भिंतीवर फोटो चढल्यावर कुमारशेठ हॉलच्या मधोमध उभा राहिला, हात मागं बांधून. "निळा झकास आलाय," म्हणाला आणि मांडववाल्याशी बोलायला गेला. जवळ जाऊन त्यानं पाहिलंच नाही.

कार्यालयातल्या पहिल्या लग्नाच्या दिवशी अक्षता पडून गेल्या, पंगत बसली, तरी इंद्रजित जेवायला येईना. शेफाली शोधत गेली. तो स्टेजमागं, भिंतीवरच्या फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्याशी उकिडवा बसला होता.

"काय बघतोयस?"

"गवत," तो म्हणाला. "काडी न् काडी मोजून घे."

शेफालीनं साडी सावरली आणि तीही शेजारी उकिडवी बसली.